आरडब्ल्यू डिस्कवरचा बॅकअप अडला की काय करायचं : पायरीपायरीने

नाशिकमध्ये करसल्लागारांची ऑफिसं, फोटो स्टुडिओ, डीटीपीची दुकानं, द्राक्षबागायतदारांच्या नोंदी सांभाळणारी घरं अशा अनेक ठिकाणी आजही बॅकअप पुन्हा लिहिता येणाऱ्या, म्हणजे आरडब्ल्यू, सीडी-डीव्हीडीवर घेतला जातो. माझ्या मते ही सवय चांगली आहे. संगणकात शिरून सगळ्या फाइली कुलूपबंद करणारा आणि खंडणी मागणारा व्हायरस जोडलेल्या पेन ड्राइव्हपर्यंत आणि एक्स्टर्नल हार्ड डिस्कपर्यंत पोचतो. कपाटात ठेवलेल्या डिस्कला तो हात लावू शकत नाही.

पण आरडब्ल्यू डिस्क नखरेल असते. ती ‘एरर’ दाखवायला लागली की बहुतेक जण आधी ती पुसतात आणि पुन्हा लिहायला घेतात. कितीतरी ठिकाणी मागच्या सहा महिन्यांचा हिशेब याच घाईत गेला आहे. म्हणून पहिली पायरी दुरुस्तीची नाही.

आधी एकच प्रश्न : या डिस्कवर आहे ते दुसरीकडे आहे का?

नसेल, तर डिस्क पुसू नका, फॉरमॅट करू नका आणि तिच्यात एकही नवी फाइल टाकू नका. ‘या डिस्कला फॉरमॅट करायचं का?’ असं विंडोज विचारतं, तिथे ‘नाही’ म्हणा. विंडोजला डिस्क समजली नाही की ते हा प्रश्न विचारतं. डिस्क रिकामी आहे असा त्याचा अर्थ होत नाही. अशा डिस्कसाठी सरळ खालच्या ‘वाचवण्याचं काम’ या भागाकडे जा. बाकीचं उरलेल्यांसाठी.

आत काय घडतं ते थोडक्यात

एकदाच लिहायच्या डिस्कमध्ये रंगाचा थर असतो आणि लेझर तो जाळतो. आरडब्ल्यूमध्ये मिश्रधातूचा थर असतो. सीडी-आरडब्ल्यूत हा थर सहसा चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचा असतो. लेझर त्यातला बिंदू सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून झटकन थंड होऊ देतो, तेव्हा तो बिंदू कमी चमकतो. पुसताना सुमारे २०० अंशांपर्यंत तापवलं की थर पुन्हा स्फटिकरूप होतो आणि चमक परत येते. हे साधारण हजार वेळा करता येतं असं उत्पादक सांगतात. हात कसे लागतात, धूळ किती आणि ड्राइव्ह कसा, यावर प्रत्यक्षातला आकडा बराच खाली येऊ शकतो.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. साधी छापील सीडी सुमारे ७० टक्के प्रकाश परत पाठवते, सीडी-आरडब्ल्यू जेमतेम १५ ते २५ टक्के. ड्राइव्हच्या लेन्सवर धुळीचा पातळ थर असला तरी साध्या सीडी चालतात आणि आरडब्ल्यू मात्र दिसेनाशा होतात. ‘बाकी सगळ्या डिस्क चालतात, म्हणजे ड्राइव्ह ठीक आहे’ हा निष्कर्ष म्हणूनच फसवा ठरतो.

दोष कुणाचा, ते आधी ठरवा

हातात दोन गोष्टी हव्यात : नवी कोरी आरडब्ल्यू डिस्क आणि दुसरा ड्राइव्ह असलेला संगणक. शेजारच्या ऑफिसातला चालेल.

अडलेली डिस्क दुसऱ्या संगणकात घाला. तिथे नीट वाचली गेली, तर डिस्क निर्दोष आहे आणि तुमचा ड्राइव्ह तपासायचा आहे. तिथेही अडली, तर तुमच्या ड्राइव्हमध्ये नवी डिस्क घालून थोड्याच फाइली लिहून बघा. त्या लिहिल्या गेल्या, तर जुनी डिस्क गेली. नवीही अडली, तर ड्राइव्ह, त्याची केबल किंवा वीजपुरवठा यांपैकी काहीतरी बिघडलं आहे.

ड्राइव्ह सीडी वाचतो पण डीव्हीडी वाचत नाही, किंवा उलट, असं दिसलं तर फार शोधत बसू नका. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा, असे दोन वेगळे लेझर त्यात असतात आणि त्यातला एक आधी थकू शकतो. तो दुरुस्त करण्यात अर्थ नाही, ड्राइव्ह बदला.

ड्राइव्ह ‘माय कॉम्प्युटर’मध्ये दिसतच नसेल, तर डेस्कटॉप बंद करून मेन स्विच काढा, कॅबिनेट उघडा आणि साटा केबल (ड्राइव्हला मदरबोर्डशी जोडणारी) व वीजपुरवठ्याची पिन दोन्ही बाजूंनी काढून पुन्हा घट्ट बसवा. सातपूर-अंबडकडच्या कारखान्यांतल्या ऑफिसांत धुळीने आणि मशिनांच्या थरथरीने पिना सैल झालेल्या असू शकतात. नंतर डिव्हाइस मॅनेजर उघडून ड्राइव्हच्या नावावर राइट क्लिक करून ‘अनइन्स्टॉल’ करा आणि संगणक पुन्हा सुरू करा. विंडोज ड्राइव्हची ओळख नव्याने करून घेतं. तरीही तिथे पिवळं चिन्ह आणि १९ किंवा ३९ क्रमांकाची एरर दिसली, तर बर्निंगच्या, म्हणजे डिस्कवर लिहिण्याच्या, एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरने रजिस्ट्रीत (विंडोज आपल्या सेटिंगा जिथे ठेवतं तिथे) ‘अपरफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ नावाच्या नोंदी मागे सोडल्या असण्याची शक्यता मोठी आहे. त्या काढल्या की ड्राइव्ह परत येतो. पण रजिस्ट्रीला हात लावायची सवय नसेल, तर हे काम जाणकाराकडून करून घ्या आणि आधी तिची प्रत काढायला सांगा.

लॅपटॉपला लावायचे यूएसबीचे पातळ ड्राइव्ह हा वेगळा विषय. वाचताना ते ठीक चालतात, लिहायला घेतलं की मध्येच ‘डिस्कनेक्ट’ होतात. लिहिताना लेझरला जास्त वीज लागते. यूएसबी २ च्या पोर्टला ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३ च्या पोर्टला ९०० मिलिअँपिअर एवढंच द्यायचं बंधन आहे, आणि काही ड्राइव्हना त्याहून जास्त लागते. हब काढा आणि ड्राइव्ह थेट निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या, पोर्टला लावा. डेस्कटॉपला लावत असाल तर समोरचं पोर्ट सोडून मागच्या बाजूचं वापरा. ड्राइव्हसोबत दोन तोंडांची केबल आली असेल, तर दोन्ही तोंडं लावा. एवढ्याने पुष्कळ वेळा प्रश्न सुटतो.

‘लिहिलं’ म्हणतो, पण डिस्क रिकामी निघते

ही तक्रार सर्वांत जास्त येते, आणि हिच्यात बहुधा काहीच बिघडलेलं नसतं.

कोरी डिस्क घातली की विंडोज विचारतं, डिस्क कशी वापरायची : यूएसबी पेन ड्राइव्हसारखी, की सीडी/डीव्हीडी प्लेअरसाठी. पहिल्या पर्यायात फाइल ओढून टाकली की ती तेव्हाच डिस्कवर जाते. दुसऱ्यात ती जात नाही. ती हार्ड डिस्कवरच्या एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये थांबते. खिडकीत फाइली दिसतात, नावं दिसतात, म्हणून माणूस डिस्क काढून कपाटात ठेवतो. नीट पाहिलं तर त्या फाइलींची चिन्हं फिकट असतात, प्रत्येकावर छोटा खाली जाणारा बाण असतो आणि वर ‘डिस्कवर लिहिण्यासाठी तयार असलेल्या फाइली’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते. राइट क्लिक करून ‘बर्न टू डिस्क’ म्हटल्यावरच लेझर कामाला लागतो.

बॅकअपसाठी मी हा दुसरा पर्यायच सुचवतो. पेन ड्राइव्हसारखा वापर सोयीचा वाटतो. पण त्यात डिस्क काढण्यापूर्वी ‘इजेक्ट’ म्हणून लिहिण्याचं सत्र बंद होऊ द्यावं लागतं. लाइट गेली किंवा कुणी ट्रेचं बटण दाबलं तर फाइलींची यादीच अर्धवट राहते. शिवाय अशी डिस्क जुन्या संगणकावर उघडेलच असं नाही. डिस्कवर फाइली मांडण्याची जी यूडीएफ पद्धत यात वापरली जाते, ती विंडोज एक्सपी आवृत्ती २.०१ पर्यंतच वाचतं. ज्यांना हाच पर्याय हवा असेल, त्यांनी फॉरमॅट करताना आवृत्ती २.०१ निवडावी. सीडी-आरडब्ल्यूवर या पद्धतीत ७०० एमबीतली बरीच जागा जुळवाजुळवीत जाते आणि हातात साडेपाचशेच्या आसपासच उरते. ‘डिस्क कमी का दाखवते’ याचं हे उत्तर.

डीव्हीडीच्या खोक्यावरच्या ४.७ जीबीचंही असंच. उत्पादक हजाराच्या हिशेबाने मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. त्यामुळे पडद्यावर सुमारे ४.३८ जीबी दिसतं. जागा कुठेही गेलेली नाही.

कालच्या फाइली दिसतात, परवाच्या गायब

डिस्कवर टप्प्याटप्प्याने लिहिलं की प्रत्येक टप्प्याचं एक सत्र होतं. नवं सत्र लिहिताना सॉफ्टवेअरने जुन्या सत्राची यादी आत घ्यायची असते. ती घेतली नाही, तर फक्त शेवटचं सत्र दिसतं. जुन्या फाइली पुसलेल्या नसतात. आयएसओबस्टरसारखं सॉफ्टवेअर प्रत्येक सत्र वेगवेगळं दाखवतं आणि त्यातून त्या बाहेर काढता येतात. काढून घेतल्यावर डिस्क पूर्ण पुसा आणि सगळं एकाच सत्रात लिहा. सीडीवर पहिल्या सत्राला सुमारे २२ एमबी आणि पुढच्या प्रत्येक सत्राला सुमारे १३ एमबी नुसती बांधणीला लागतात. रोज थोडं थोडं लिहिणाऱ्यांची डिस्क लवकर का भरते, ते इथे कळतं.

पुसली जात नाही, ‘राइट प्रोटेक्टेड’ म्हणते

आधी डिस्कवरची अक्षरं वाचा. ‘आर’ आहे की ‘आरडब्ल्यू’? एकसारख्या खोक्यांमुळे सरमिसळ होते, आणि ‘आर’ कधीच पुसली जात नाही.

नंतर पुसण्याचा प्रकार बघा. ‘क्विक इरेज’ म्हणजे पुस्तकाची नुसती अनुक्रमणिका फाडणं, आतली पानं तशीच राहतात. ‘फुल इरेज’ मात्र डिस्क आतून बाहेरपर्यंत पुसते. त्याला सीडीवर चौपट (4x) वेगाने वीसेक मिनिटं आणि डीव्हीडी मायनस आरडब्ल्यूवर दुप्पट वेगाने अर्धा तास लागतो. चार-पाच वेळा झटपट पुसल्यावर डिस्क कुरकुर करू लागली, तर एकदा ती पूर्ण पुसा. अनेक डिस्क त्यानंतर पुन्हा नीट चालतात.

डीव्हीडी मायनस आरडब्ल्यूची एक खोड आहे. ती झटपट पुसली तर पुढचं लेखन एकाच दमात करावं लागतं आणि नंतर भर घालता येत नाही. भर घालायची असेल तर पूर्णच पुसा. डीव्हीडी प्लस आरडब्ल्यूला वेगळं पुसावंच लागत नाही. ती एकदा फॉरमॅट झाली की जुन्यावर थेट नवं लिहिलं जातं. म्हणून नवी खरेदी करताना मी प्लस घ्यायला सांगतो. मायनसने काही बिघडतं असं नाही, पण प्लसने त्रास कमी होतो.

विंडोजमधून पुसली जात नसेल, तर दुसऱ्या बर्निंग सॉफ्टवेअरमधून, सर्वांत कमी वेग निवडून प्रयत्न करा. तेही अडलं तर डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला. लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीच्या) पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून तिथून पुसणं हाही चांगला मार्ग आहे, कारण विंडोज जी डिस्क ओळखायला नकार देतं ती लिनक्स कधीकधी निमूटपणे पुसतं. दोन ड्राइव्हमध्ये फुल इरेज अर्ध्यावर थांबत असेल, तर त्या डिस्कवर पुन्हा विश्वास ठेवू नका.

लिहिताना मध्येच थांबते

वेग हे पहिलं कारण. डिस्कवर छापलेला वेग हा तिचा वरचा आकडा असतो, आणि सीडी-आरडब्ल्यूत तर वेगाच्या जातीच वेगळ्या आहेत. साधी १ ते ४ पट, ‘हाय स्पीड’ १२ पटीपर्यंत, ‘अल्ट्रा स्पीड’ २४ पटीपर्यंत. जुना ४ पटीचा ड्राइव्ह ‘अल्ट्रा स्पीड’ डिस्कवर लिहूच शकत नाही. त्याला ती डिस्क सदोष वाटते. डीव्हीडी प्लस आरडब्ल्यूच्या ८ पटीच्या डिस्कबाबत जुन्या २.४ आणि ४ पटीच्या ड्राइव्हचं हेच होतं.

नेमकं शेवटी शेवटी अडत असेल, तर डिस्क हातात घेऊन ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. लेखन आतून बाहेर जातं. लिहिलेला भाग आणि कोरा भाग यांच्या छटेत बारीक फरक दिसतो, आणि त्या कड्याच्या पुढे, काठाजवळ, बोटांचे ठसे दिसतील. डिस्क काठाने धरायची असते, आणि निसटू नये म्हणून बोटं थोडी आत येतातच. काठाशी फिरण्याचा वेगही जास्त असतो. म्हणून डीव्हीडी काठोकाठ भरू नका, चार जीबीच्या आत थांबा.

ठसे साफ करायचे तर स्वच्छ, मऊ सुती कापड किंवा चष्म्याचं कापड घ्या आणि मधून काठाकडे सरळ रेषेत पुसा. गोल फिरवलं तर चरा लेखनाच्या दिशेने पडतो आणि सलग पुष्कळ माहिती एकदम जाते. आडवा चरा डिस्कमधली चूकदुरुस्तीची व्यवस्था बहुधा सांभाळून घेते. सीडीची छापील बाजू अधिक जपा. तिथे चमकदार थरावर फक्त पातळ लाखेचं आवरण असतं. डीव्हीडीत तो थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो. बॉलपेनने तारीख लिहिणं, स्टिकर चिकटवणं बंद करा. डिस्कसाठी मिळणारा मऊ टोकाचा मार्करच वापरा.

आणि लाइट. पावसाळ्याच्या सुरुवातीला वादळात वीज जाते, आणि अर्ध्यावर थांबलेली डिस्क पुढे वाचली जात नाही. डेस्कटॉप यूपीएसवर असल्याशिवाय बॅकअप लिहायला घेऊ नका.

मराठी नावांच्या फाइली

हा भाग इंग्रजी सूचनापत्रात नसतो, पण आपल्याला रोज नडतो. डिस्कवर नावं साठवण्याची ‘जोलिएट’ पद्धत ६४ अक्षरांपर्यंतचं नाव घेते, आणि देवनागरीत प्रत्येक मात्रा, वेलांटी आणि हलन्त वेगळं अक्षर म्हणून मोजलं जातं. ‘द्राक्षबाग’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा वाटतो. संगणकाच्या लेखी तो दहा अक्षरांचा आहे. ‘पिंपळगाव बसवंत द्राक्षबाग फवारणी नोंद खरड छाटणीनंतर अंतिम’ असं नाव सहज ६४ च्या आसपास जातं. मग नाव कापलं जातं, किंवा सॉफ्टवेअर एरर देऊन थांबतं. नावं छोटी ठेवा, तारीख आकड्यांत टाका, नाहीतर यूडीएफ पद्धत निवडा.

डीटीपीवाल्यांसाठी एक. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेलं काम असेल, तर तो फॉन्टही त्याच डिस्कवर ठेवा. फॉन्ट नसेल तर फाइल शाबूत असूनही आतला मजकूर निरर्थक अक्षरांचा दिसतो.

टॅलीचा डेटा घेताना टॅली बंद करा, आणि कंपनीच्या क्रमांकाचं फोल्डर आख्खं घ्या. त्यातल्या निवडक फाइली उपयोगाच्या नाहीत. सगळं एकाच मोठ्या झिपमध्ये कोंबू नका. झिपमधला एक तुकडा खराब झाला तर सगळं अडू शकतं. कोंबायचंच असेल तर विनरारमध्ये ‘रिकव्हरी रेकॉर्ड’ चालू करा, म्हणजे थोडी जागा जाते पण तुटलेलं जोडता येतं.

वाचवण्याचं काम

‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ (वाचलेली माहिती जुळत नाही) अशी एरर आली, किंवा ड्राइव्ह घरघरत बसला, तर शांतपणे क्रमाने जा. डिस्क मऊ कापडाने साफ करून घ्या (‘इरेज’ नव्हे). थंडीत निफाडकडून पहाटे आणलेली डिस्क उबदार खोलीत लगेच घालू नका, तिच्यावर बारीक दव धरतं. तासभर खोक्यातच राहू द्या. मग जमतील तेवढे वेगवेगळे ड्राइव्ह वापरून बघा. ज्या ड्राइव्हने लिहिली त्यालाच ती सर्वांत नीट कळते, म्हणून तो जुना ड्राइव्ह अजून अडगळीत असेल तर शोधून काढा.

फाइली एकेक करून, महत्त्वाच्या आधी, हार्ड डिस्कवर घ्या. आख्खं फोल्डर ओढलं तर विंडोज पहिल्याच खराब फाइलपाशी अडतं. उरलेल्यांसाठी डीडीरेस्क्यू हे लिनक्सवरचं मोफत साधन चांगलं आहे. ते चांगला भाग आधी उचलून घेतं, खराब जागांची नोंद ठेवतं आणि नंतर तिथे पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. तीच नोंद ठेवून डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली, तर राहिलेले तुकडे तिथे मिळू शकतात. टूथपेस्टने चरे घासण्याचा उपाय एकमेव प्रतीवर करू नका.

पुन्हा वेळ येऊ नये म्हणून

‘व्हेरिफाय’ची (लिहिलेलं परत वाचून तपासण्याची) खूण नेहमी चालू ठेवा. त्यापुढे एक पाऊल : लिहिलेली डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून दोन-चार फाइली उघडा. सेव्हन-झिपच्या राइट क्लिक मेनूत चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा पडताळणीचा आकडा, काढता येतो. मूळ फाइलचा आणि डिस्कवरच्या फाइलचा आकडा जुळला, की प्रत खरी.

किमान तीन डिस्क फिरत्या ठेवा. या आठवड्याची डिस्क तपासून होईपर्यंत मागच्या आठवड्याची पुसायची नाही, हा नियम घरातल्या आणि ऑफिसातल्या सगळ्यांना सांगा. प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी ठेवून पुसल्याची तारीख लिहीत जा. शंभरेक वेळा लिहून झालं, की चालत असली तरी बदला.

कायमचं जपायचं ते आरडब्ल्यूवर ठेवूच नका. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने आणि कंपन्यांचे हिशेब ८ आर्थिक वर्षं ठेवावे लागतात. त्यासाठी एकदाच लिहायची चांगली डिस्क घ्या, आणि तिच्यासोबत हार्ड डिस्कवरही प्रत असू द्या.

एक डिस्क दुसऱ्या जागी हवीच. गोदावरीला ऑगस्ट २०१६ मध्ये आणि ऑगस्ट २०१९ मध्ये मोठे पूर आले, गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती पाण्यात गेली आणि काठाजवळच्या बाजारपेठेत पाणी शिरलं. सराफ बाजार, भांडी बाजार, पंचवटीत तळमजल्यावर दुकान असलेल्यांनी एक प्रत कॉलेज रोड, इंदिरानगर, नाशिकरोड अशा ठिकाणी, नदीकाठापासून दूरच्या घरी, वरच्या मजल्यावर ठेवावी. डिस्क उभी, खोक्यात आणि सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नको. उष्णतेने लिहिलेले बिंदू हळूहळू पुसल्यासारखे होतात आणि चकतीही वाकते.

बाद केलेली डिस्क भंगारात देण्याआधी ‘फुल इरेज’ करा. ती पुसली जात नसेल तर जाड पिशवीत घालून, डोळ्यांवर चष्मा लावून, पत्रा कापायच्या कात्रीने चार तुकडे करा. क्विक इरेज केलेल्या डिस्कवर ग्राहकांचे पॅन क्रमांक आणि बँक खाती तशीच असतात.